रॉकेट, राक्षस की रक्तपिपासू?

२००२ साली नील गेमन यांच्या 'अमेरिकन गॉड्स' या कादंबरीने पुरस्कार देणाऱ्यांची चांगलीच फिरकी घेतली. विज्ञानकथांच्या जगात मानाचे समजले जाणारे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिने खिशात घातले. भयकथांसाठीचा ब्रॅम स्टोकर पुरस्कारही तिलाच मिळाला. वर 'लोकस' मासिकाच्या वाचकांनी तिला त्या वर्षाची सर्वोत्तम फँटसी ठरवलं. एकच विद्यार्थी आणि तिन्ही तुकड्यांत पहिला!

मग हे पुस्तक दुकानात ठेवायचं कुठे? विज्ञानकथेत, फँटसीत की भयकथेत? या वादात रात्री जागवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्यासाठी एक कामचलाऊ कसोटी सांगतो. गोष्टीत काहीतरी अशक्य घडलं की गोष्ट काय म्हणते ते ऐकायचं. "हे घडलं कसं?" असं विचारत ती कामाला लागली, तर विज्ञानकथा. "घडलं ना? मग पुढे चला," म्हणाली, तर फँटसी. आणि "पळा!" असं ओरडली, तर भयकथा.

कसोटी सोपी आहे, पण पुस्तकं तिला दाद देत नाहीत. गेल्या चारशे वर्षांतले हे काही नामांकित घोळ पाहा.

चंद्रावर जायचंय? भुताला हाक मारा

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणाऱ्या योहानेस केप्लरने चंद्रप्रवासाची एक गोष्ट लिहिली होती. नाव 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न. ती छापून आली १६३४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. चंद्रावरून आकाश कसं दिसेल, तिथे दिवस-रात्र किती लांब असतील, याचं गणित तिच्यात चोख आहे. पण चंद्रावर नेणारं वाहन कोणतं? भुतं! या भुतांना ऊन सोसत नाही, म्हणून ती ग्रहणाच्या सावलीतूनच ये-जा करतात आणि चार तासांत माणसाला चंद्रावर पोचवतात. उड्डाणाचा धक्का सोसावा म्हणून प्रवाशाला आधी अफू द्यायची. वाटेत हवा विरळ, म्हणून नाकाशी ओला स्पंज धरायचा. वाहन भुताचं, पण प्रवाशाची काळजी थेट शास्त्रज्ञाची.

गोष्टीतल्या नायकाची आई जडीबुटी विकते आणि भुतांशी बोलते. इकडे केप्लरच्या खऱ्या आईवर, काथारीनावर, चेटकीण असल्याचा खटला चालला. म्हातारीला चौदा महिने साखळदंडात काढावे लागले. केप्लरने स्वतः तिचा बचाव केला आणि १६२१ मध्ये ती सुटली. आपल्या हस्तलिखिताची कुजबुज आधीच बाहेर फुटली आणि तिने आगीत तेल ओतलं, अशी रुखरुख त्याला होती. नंतर त्याने या छोट्याशा गोष्टीला तब्बल २२३ टिपा जोडल्या. "हे घडलं कसं?" हा प्रश्न इतका मनावर घेणारा लेखक विरळाच.

एक पावसाळी मुक्काम, दोन घराणी

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही इंग्रज मंडळी पावसाने घरात अडकली होती. कवी बायरन, कवी शेली, बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी आणि अठरा वर्षांची मेरी, म्हणजे पुढची मेरी शेली. वेळ जाईना, तेव्हा भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक वाचून झालं आणि बायरनने टूम काढली, की आता प्रत्येकाने आपापली एक भुताची गोष्ट लिहायची.

मेरीने लिहिली 'फ्रँकेन्स्टाइन'. बायरनने सुरू करून सोडून दिलेल्या गोष्टीचा धागा उचलून पॉलिडोरीने लिहिली 'द व्हँपायर'. म्हणजे ज्या पुस्तकाला आज अनेक अभ्यासक पहिली विज्ञानकादंबरी म्हणतात ते, आणि इंग्रजीतल्या खानदानी, सुटाबुटातल्या रक्तपिपासूचा मूळपुरुष, दोघांचा जन्म एकाच पैजेतून झाला. विज्ञानकथा आणि भयकथा या चुलत बहिणी नाहीतच, सख्ख्या आहेत.

'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी १८१८ ला निनावी छापलं गेलं, प्रती फक्त ५००. प्रस्तावना शेलीने लिहिलेली, त्यामुळे पुस्तकही त्याचंच असणार असं पुष्कळांना वाटलं. 'द व्हँपायर' १८१९ मध्ये आलं तेही बायरनच्या नावावर. पॉलिडोरीच्या नशिबी आधी मनस्तापच आला.

'फ्रँकेन्स्टाइन'ला विज्ञानकादंबऱ्यांची आद्य आई हा मान मिळवून दिला तो विज्ञानकथालेखक ब्रायन ऑल्डिस यांनी, १९७३ मध्ये. त्यांचा मुद्दा असा, की व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन तरुणपणी किमयागारांच्या पोथ्यांवर भाळलेला असतो. मग तो विद्यापीठात जाऊन रसायनशास्त्र शिकतो आणि प्रयोगशाळेत मुडद्यात प्राण फुंकतो. मंत्र नाही, नवस नाही. पण मूळ पुस्तक उघडून पाहा. विजेचा लोळ, करकरणारी यंत्रं, गडगडाट यांतलं काहीच त्या प्रसंगात नाही. तो सगळा थाट १९३१ च्या सिनेमाचा. मेरीने प्राण फुंकायची कृती दिलेलीच नाही, कारण व्हिक्टर ती सांगायला साफ नकार देतो. पहिल्याच विज्ञानकथेने "कसं?" या प्रश्नावर "ते मी सांगणार नाही" असं उत्तर दिलं आणि लगेच वाचकाला पळायला लावलं!

भेसळीचा चमत्कार

स्टीव्हन्सनच्या 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड'मध्ये (१८८६) माणसाचा राक्षस होतो तो एका द्रावणाने. जेकिलकडची पूड संपत आल्यावर तो औषधवाल्यांकडून नवी मागवतो, अख्खं लंडन पालथं घालतो, पण गुण येत नाही. शेवटी त्याच्या लक्षात येतं, की पहिला माल अशुद्ध होता आणि सगळी करामत त्या अज्ञात भेसळीचीच होती. आता ही भयकथा म्हणायची, की औषधाची बॅच न जपल्याने बिघडलेल्या प्रयोगाचा अहवाल?

ड्रॅक्युला हरला कार्बन कॉपीमुळे

'ड्रॅक्युला' (१८९७) म्हटलं की जुनाट किल्ला, वटवाघळं आणि कोळिष्टकं आठवतात. प्रत्यक्षात ब्रॅम स्टोकरने त्यात आपल्या काळातली झाडून सगळी आधुनिक यंत्रं कोंबली आहेत. डॉक्टर सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. मिना लघुलेखन जाणते आणि प्रवासातही टंकलेखन यंत्र सोबत नेते. ती सगळ्यांच्या रोजनिश्या, पत्रं, तारा टंकून त्यांची एक नीट फाइल करते. एका रात्री ड्रॅक्युला येऊन हस्तलिखित आणि फोनोग्राफच्या नळकांड्या जाळून टाकतो. पण दुसरी प्रत तिजोरीत सुखरूप असते! पाचशे वर्षांचा सरदार आणि त्याला एका कारकुनी सवयीने चकवलं.

लुसीला वाचवायला चार पुरुषांचं रक्त एकामागून एक चढवतात. रक्तगट जुळवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट ओळखले ते पुस्तक आल्यावर, विसाव्या शतकाच्या तोंडावर. बिचारी लुसी रक्तपिपासूमुळे गेली की डॉक्टरांमुळे, हा वाद त्यामुळे आजही रंगतो.

आणखी दोन गैरसमज इथेच मिटवून टाकू. स्टोकरचा ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर हिंडतो. उन्हाने रक्तपिपासू नष्ट होतो, हे पिल्लू १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने सोडलं. दुसरं म्हणजे शेवटी त्याच्या छातीत लाकडी खुंटी ठोकतच नाहीत. त्याचा गळा चिरते ती कुकरी आणि काळजात घुसतो तो एका अमेरिकन माणसाचा सुरा. होय, कुकरीच, गोरख्यांची!

"दाखवा बघू तो धातू!"

नुसत्या विज्ञानकथावाल्यांत तरी एकमत असावं की नाही? ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये आपले तीन वीर ९०० फूट लांब तोफेतून चंद्राकडे डागले. एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारं 'कॅव्होराइट' कल्पून आपली माणसं अलगद वर पाठवली. व्हर्न म्हातारपणी एका मुलाखतीत यावर चांगलाच उखडला. मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ धातू बनवून सांगतो, कुठे आहे तो दाखवा म्हणावं, असा त्याचा एकंदर सूर होता.

मौज अशी, की व्हर्नच्या तोफेतून कोणी खरंच गेला असता तर पहिल्याच झटक्यात त्याचा चेंदामेंदा झाला असता. वेल्सचा धातू खोटा, पण प्रवासी सुखरूप. मात्र एक श्रेय व्हर्नला द्यायलाच हवं. त्याची तोफ फ्लोरिडात होती आणि १९६९ मध्ये अपोलो ११ निघालं तेही फ्लोरिडातूनच, तेही तिघांना घेऊन.

तीच गोष्ट, दुसरा गल्ला

गोष्टीचा प्रकार बऱ्याचदा लेखक ठरवत नाही, विकत घेणारा संपादक ठरवतो. अमेरिकेत १९२३ मध्ये 'वीअर्ड टेल्स' निघालं ते भुताखेतांसाठी. १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' काढलं ते विज्ञानकथांसाठी. ह्यूगो पुरस्काराचं नाव यांच्याच नावावरून पडलं. दोन दुकानं वेगळी झाली, पण माल एकमेकांत मिसळतच राहिला.

एच. पी. लव्हक्राफ्ट यांचंच उदाहरण घ्या. अंटार्क्टिकाच्या बर्फात गेलेल्या संशोधकांना मानवापूर्वीच्या प्राण्यांचं अवाढव्य शहर सापडतं, अशी त्यांची 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही दीर्घकथा. १९३१ मध्ये 'वीअर्ड टेल्स'ने ती परत पाठवली. पाच वर्षांनी ती छापली 'अस्टाउंडिंग स्टोरीज' या विज्ञानकथांच्या मासिकाने. भयकथेच्या दारातून हाकललेली गोष्ट विज्ञानकथेच्या दारातून आत आली, शहरही तेच आणि थरकापही तोच.

यावर संपादकांनी तोडगेही काढले. 'अस्टाउंडिंग'चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी १९३९ मध्ये 'अननोन' हे भावंड मासिक काढलं. तिथे जादू चालेल, पण तिचे नियम तर्काला धरून हवेत, अशी अट. महायुद्धातल्या कागदटंचाईने १९४३ मध्ये ते बंद पडलं. १९४९ मध्ये 'द मॅगझिन ऑफ फँटसी' निघालं आणि दुसऱ्याच अंकाला त्याचं नाव झालं 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन'. भांडण मिटवायची ही सर्वांत स्वस्त युक्ती. दोघांचीही नावं पाटीवर लावा आणि मोकळे व्हा.

जाताना यान, पुढच्या खेपेला देवदूत

सी. एस. लुइस आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉलकीन यांनी एकदा ठरवलं, की आपल्याला आवडतील अशी पुस्तकं कोणी लिहीत नाही, तर आपणच लिहू. लुइसच्या वाट्याला अवकाशप्रवास आला, टॉलकीनच्या वाट्याला काळप्रवास. टॉलकीनचं पुस्तक अर्धवटच राहिलं. लुइसने तीन पुरी केली. पहिल्यात (१९३८) नायक रॅन्सम अवकाशयानातून मंगळावर जातो. दुसऱ्यात (१९४३) त्याला शवपेटीसारख्या एका पेटीत घालून देवदूतासारखी दिव्य शक्ती शुक्रावर नेऊन सोडते. तिसऱ्यात (१९४५) इंग्लंडातच आर्थर राजाच्या काळचा जादूगार मर्लिन झोपेतून उठतो. एकच मालिका, पण ती एका फळीवर ठेवायची तर ग्रंथपालाने डोकंच धरावं.

लसूण आणि सूक्ष्मदर्शक

आपली कसोटी सर्वांत कसून वापरली आहे ती रिचर्ड मॅथेसन यांच्या 'आय ॲम लेजंड'ने (१९५४). सगळी माणसं रक्तपिपासू झाली आहेत आणि रॉबर्ट नेव्हिल एकटा उरला आहे. रात्री तो दारं-खिडक्या ठोकून घरात बसतो, म्हणजे "पळा!". आणि दिवसा? वाचनालयातून पुस्तकं आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघतो. सापडतो एक जिवाणू. मग एकेका दंतकथेची झडती सुरू होते. लसणातलं नेमकं काय झोंबतं? उन्हाने कोण मरतं, माणूस की जंतू?

क्रूसाचं उत्तर तर लाजवाब आहे. त्याचा शेजारी बेन कॉर्टमन ज्यू. त्याच्यावर क्रूसाचा ढिम्म परिणाम होत नाही, पण तोरा हा धर्मग्रंथ समोर धरला की तो मागे सरतो. म्हणजे ही भीती वस्तूत नसून मनात आहे! एका तपशिलात भूतकथेची मानसशास्त्राकडे बदली झाली. या पुस्तकावरून तीन सिनेमे निघाले, आणि १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची प्रेरणाही हीच, असं त्याचे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी मान्य केलं. आजचे पडद्यावरचे झाँबी म्हणजे या जंतूचीच पिलावळ.

शिंगं, शेपूट आणि अवकाशयान

पुरेसं पुढारलेलं तंत्रज्ञान जादूसारखंच भासतं, हे आर्थर सी. क्लार्क यांचं मत प्रसिद्धच आहे. त्यांच्या 'चाइल्डहूड्स एंड'मध्ये (१९५३) परग्रहवासी पृथ्वीवर येतात, कारभार हाती घेतात, पण पन्नास वर्षं तोंड दाखवत नाहीत. दाखवतात तेव्हा शिंगं, शेपूट, चामड्याचे पंख, म्हणजे हुबेहूब सैतान! स्पष्टीकरण आणखी भारी आहे. माणसाच्या मनातली सैतानाची प्रतिमा भूतकाळातली नव्हे, तर भविष्याची आलेली पूर्वचाहूल होती.

परग्रहावरचे ड्रॅगन, परग्रहावरचे देव

किल्ले, सरंजामदार, सूड, आग ओकणारे ड्रॅगन. ॲन मॅकॅफ्री यांची 'वेअर सर्च' वरवर पाहता शंभर टक्के फँटसी. छापली कोणी? १९६७ मध्ये 'ॲनालॉग'ने, म्हणजे काटेकोर विज्ञानकथांसाठी नावाजलेल्या, नाव बदललेल्या त्याच 'अस्टाउंडिंग'ने. कारण कथेतला पर्न हा पृथ्वीवरच्या माणसांनी वसवलेला ग्रह आहे, आणि ड्रॅगन तिथल्या सरड्यांसारख्या छोट्या प्राण्यांपासून जनुकीय कसबाने घडवलेले. एक खास दगड चघळल्यावर पोटात पेटणारा वायू तयार होतो, म्हणून ते आग ओकतात. पोटातल्या वायूचं इतकं शास्त्रशुद्ध समर्थन दुसरीकडे मिळणार नाही. १९६८ मध्ये या कथेला ह्यूगो मिळाला आणि कथालेखनासाठी तो मिळवणाऱ्या मॅकॅफ्री पहिल्या स्त्री ठरल्या.

त्याच वर्षी कादंबरीचा ह्यूगो मिळाला रॉजर झेलाझनी यांच्या 'लॉर्ड ऑफ लाइट'ला. ही तर आपल्याला घरचीच वाटेल. दूरच्या ग्रहावर ब्रह्मा, यम, काली राज्य करतात, पुनर्जन्म होतात, कर्माचा हिशेब होतो. प्रत्यक्षात हे 'देव' म्हणजे 'स्टार ऑफ इंडिया' नावाच्या अवकाशयानातले जुने खलाशी. पुनर्जन्म म्हणजे यंत्राने मन दुसऱ्या शरीरात घालणं. कर्माचा हिशेब म्हणजे मेंदूची तपासणी करून नवं शरीर द्यायचं की नाही हे ठरवणं. त्यांच्याविरुद्ध उभा राहतो सॅम, तोही बुद्धाचं रूप घेऊन.

पण खरी धमाल पुढे आहे. या कादंबरीवर सिनेमा काढायचं घाटत होतं. पटकथा तयार होती आणि नेपथ्याची चित्रं कॉमिक्सचे दिग्गज जॅक कर्बी यांनी काढलेली होती. सिनेमा बारगळला. पुढे तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, तेव्हा सहा अमेरिकी कर्मचारी निसटून कॅनडाच्या मुत्सद्द्यांकडे लपले. त्यांना सोडवायला सीआयएने सोंग घेतलं ते सिनेमासाठी जागा शोधायला आलेल्या चमूचं. पटकथा तीच, चित्रं तीच, फक्त नाव बदलून 'आर्गो'. जानेवारी १९८० मध्ये सहाही जण विमानात बसून सुखरूप बाहेर पडले. फँटसी की विज्ञानकथा याचा निकाल लागो न लागो, या पुस्तकाने हेरकथेतही काम करून दाखवलं.

सोनेरी काचेचा योद्धा

जीन वुल्फ यांच्या 'द शॅडो ऑफ द टॉर्चरर'मध्ये (१९८०) काळा झगा, तलवार आणि छळ करणाऱ्यांचा पुरातन संघ आहे. एका प्रसंगी नायक सेव्हेरियन किल्ल्यात एक जुनं, मळलेलं चित्र पाहतो. म्हातारा सेवक ते पुसतोय. उजाड वाळवंटात चिलखत घातलेला योद्धा उभा, तोंडावर सोनेरी झडप, त्यात डोळे दिसत नाहीत, आणि हातात वाऱ्याशिवाय ताठ राहिलेलं निशाण. सेव्हेरियनला काही कळत नाही. वाचक मात्र ताडकन उठून बसतो. अरे, हा तर चंद्रावरचा अंतराळवीर! म्हणजे ही जुन्या काळची गोष्ट नाही, इतक्या दूरच्या भविष्याची आहे, की आपली चंद्रमोहीम तिथे दंतकथा झाली आहे. ज्या मनोऱ्यात सेव्हेरियन लहानाचा मोठा झाला, तो मनोरा म्हणजे एक जुनं अवकाशयान. या पुस्तकाला जागतिक फँटसी पुरस्कारही मिळाला आणि ब्रिटिश विज्ञानकथा संघटनेचाही. परीक्षकांनी दोन्ही बाजूंनी हात जोडले म्हणायचे.

चायना मिएव्हिल यांच्या 'द सिटी अँड द सिटी'ने (२००९) याच्याही पुढचा पल्ला गाठला. एकाच जागेवर दोन शहरं वसलेली. नागरिकांना दुसऱ्या शहराकडे डोळेझाक करायचं लहानपणापासून शिकवलेलं. त्यात एका खुनाचा तपास. जादू नाही, यंत्र नाही. तरी २०१० मध्ये ह्यूगो (विभागून), आर्थर सी. क्लार्क पुरस्कार आणि जागतिक फँटसी पुरस्कार, तिन्ही याच पोलिसी चातुर्यकथेला.

लेखकालाच विचारू या? नकोच!

रे ब्रॅडबरी यांचं म्हणणं होतं, की 'फॅरनहाइट ४५१' हीच काय ती आपली विज्ञानकथा. मंगळावरच्या कथांचं 'द मार्शियन क्रॉनिकल्स' हे पुस्तक म्हणजे फँटसी, कारण तसं घडूच शकत नाही. नासाने मात्र २०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडी मंगळावर जिथे उतरली, त्या जागेला ब्रॅडबरींचंच नाव दिलं.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड'मध्ये (१९७९) कॅलिफोर्नियातली कृष्णवर्णीय डेना गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. काळप्रवास आहे, म्हणून लोक तिला विज्ञानकथा म्हणाले. बटलर म्हणाल्या, यात विज्ञान आहेच कुठे? ही फँटसी. कालयंत्र नाही, सूत्र नाही. डेना नुसती जाते.

मार्गारेट ॲटवूड यांच्या 'द हँडमेड्स टेल'ला १९८७ मध्ये पहिलावहिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला, पण आपण विज्ञानकथा लिहीत नाही यावर त्या अडून बसल्या. विज्ञानकथा म्हणजे अंतराळातले बोलणारे समुद्री जीव, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि चाहत्यांनी ते पुढची अनेक वर्षं विसरू दिलं नाही. अर्सुला ली ग्विन यांनी यावर त्यांना जाहीर टोले दिले. पण भांडण गोडीत मिटलं. ॲटवूड यांनी २०११ मध्ये याच विषयावर पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं ली ग्विन यांनाच.

आपल्याकडे: गणपती, यक्ष आणि हस्तर

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक: नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण? आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. म्हणजेच जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून केलेली ही युक्ती. मराठीत विज्ञानकथेचे दिवस पालटले ते इथपासून.

नारळीकरांच्या पुस्तकांची आणि कथांची नावं पाहा: 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासूर', 'उजव्या सोंडेचा गणपती'. नुसत्या नावांवरून लावली, तर निम्मी पुस्तकं पुराणकथांच्या कपाटात जातील. आत मात्र कडक विज्ञान. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये चमत्कार आहे तो भूमितीचा, मोबिअसच्या पट्टीचा आणि डाव्याचं उजवं होण्याचा. पुराणाच्या ओळखीच्या दारातून वाचकाला आत घ्यायचं आणि प्रयोगशाळेत नेऊन बसवायचं, ही त्यांची हातोटी.

दुसऱ्या टोकाला नारायण धारप. मराठी भयकथेचे हे सम्राट विज्ञानकथाही लिहायचे. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, आणि किंग यांना ते पुस्तक सुचलं ते ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल या विचारातून. ट्रान्सिल्व्हेनियाचा सरदार असा अमेरिकेमार्गे महाराष्ट्रात उतरला.

दुसरी साखळी तर याहून लांब. १८९० च्या दशकात अँब्रोज बिअर्सने एका कथेत 'हास्टर' नावाचा देव आणला. कुणाचा? मेंढपाळांचा, आणि स्वभावाने भला! पुढे रॉबर्ट चेंबर्स आणि लव्हक्राफ्ट यांनी ते नाव उचललं आणि देवाचा दैत्य होत गेला. किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेतली म्हातारी त्याच्याच नादी लागलेली. त्या कथेवरून धारपांनी लिहिली 'आजी'. आणि धारपांच्या त्या कथेतून बीज घेऊन २०१८ मध्ये पडद्यावर आला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड', ज्यातल्या सोन्याच्या हावरट देवाचं नाव हस्तर. मेंढपाळांचा गरीब देव कोकणातल्या पावसात येईतो पार बिघडला.

घरच्या घरी निकाल

लेखक-समीक्षक डेमन नाइट यांनी फार पूर्वीच हात टेकले होते. आपण ज्याकडे बोट दाखवून विज्ञानकथा म्हणतो ती विज्ञानकथा, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. ग्रंथालयांच्या ड्युई दशांश पद्धतीत तर हा वादच नाही. तिथे मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आणि त्यात नारळीकर, धारप, सगळे एकाच छपराखाली. फळी दुकानदाराच्या सोयीची, आपल्याला सोय हवी ती वाचायची. तेव्हा पुढच्या वेळी घोळ झाला, तर एवढंच बघा:

• पुस्तक मिटल्यावर गूगलवर काहीतरी शोधावंसं वाटलं? विज्ञानकथा.

• नकाशा बघायला पुन्हा पहिलं पान उघडलं? फँटसी.

• पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना वाटेतले सगळे दिवे लावले? भयकथा.

• दिवे लावून, नकाशा बघत, रात्री दोनला गूगल केलं? मग ते तिन्ही आहे. असं पुस्तक कपाटात कुठेही ठेवा, पण कुणाला वाचायला देऊ नका. असली पुस्तकं परत येत नाहीत.